चाकं नसलेल्या विमानाचा ब्रेक

१

शनिवारी सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. आज घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून मोकळी झाले होते.

“ताई, थ्रॉटल चोरीला गेलं.”

“मग दुसरं आणा.”

“भाजी आहे का ती! तू आधी ये. इथे भांडण जुंपलंय, आणि हे कोपऱ्यात बसलेत ते बोलायलाच तयार नाहीत.”

‘हे’ म्हणजे तिचा नवरा. जन्मभर विमानं चालवली, म्हणून आम्ही सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतो. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात चुका काढतात. कॅप्टननी घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. उडणारं नव्हे. मोडीत निघालेल्या एका विमानाचं नाकाड कापून आणलं, त्यात खुर्च्या, घड्याळं, बटणं, दांडे असं जमेल तिथून आणून बसवलं. समोर मोठे पडदे आणि मागे कॉम्प्युटर. आत बसून दांडा ओढला की पडद्यावर विमान उडतं. गेली काही वर्षं हे चाललं होतं आणि रविवारी त्याचं पहिलं उड्डाण व्हायचं होतं. कॅप्टनचे जुने वैमानिक सोबती बघायला येणार होते.

माझी आख्खी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. आगीत ‘जळालेली’ गोदामं, रस्त्यातून ‘गायब झालेले’ ट्रक. माणसं खोटं कसं बोलतात हे बघून बघून मी इतकी कंटाळलेय, की आता दूधवाल्याने पाणी घातलं तरी विचारत नाही. पण धाकटी ती धाकटीच. रिक्षा करून गेले.

शेडमध्ये दोघं होते. कॅप्टन स्टुलावर बसले होते, उजवा हात पँटच्या खिशात आणि नजर जमिनीवर. दुसरे मिस्त्री. हे विमानांच्या दुरुस्तीतून निवृत्त झालेले. कॉकपिटचं सगळं हातकाम त्यांचं. ते येरझाऱ्या घालत होते.

“शेठनेच नेलं,” मी चप्पल काढायच्या आत मिस्त्री म्हणाले. “दुसरं कोण? मी तोंडावर सांगितलं त्याला.”

शेठ म्हणजे भंगारवाले. कॅप्टनचे शाळेपासूनचे मित्र. ते नाकाड कापून ट्रकवर घालून इथवर आणलं ते त्यांनीच.

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाला, मी चोर ना? मग चोराचा माल तरी कशाला ठेवता? संध्याकाळी ट्रक आणतो आणि अख्खं नाकाड परत घेऊन जातो.”

मी कॅप्टनकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

२

नाकाडात चढायला लाकडी पायरी होती. माझ्या गुडघ्यांनी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आत दोन खुर्च्या. डावी कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची. मधे थ्रॉटलची पेटी असायची. म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचे दोन दांडे आणि त्यांच्याखालचा लोखंडी डबा, शिवणयंत्राएवढा जड. त्या जागी आता नुसतं भोक होतं.

“काल संध्याकाळी सगळ्यात शेवटी कोण गेलं?” मी विचारलं.

“मी,” मिस्त्री बाहेरून म्हणाले. “पॅनलचे दिवे रात्रभर चालू ठेवून बघायचे होते, तापतात का ते. सकाळी येतो तर दिवे बंद आणि पेटी गायब.”

“म्हणजे चोराने दिवे विझवले?”

“विझवले खरे.”

“चोर वीज वाचवतो होय! फार संस्कारी चोर दिसतो.”

मिस्त्री हसले नाहीत. मी बॅटरी घेऊन भोकात डोकावले. तळाशी तारांच्या जुडीचं तोंड पडलं होतं, एक पांढरा प्लास्टिकचा प्लग.

“हा कसा काढायचा?”

“दोन्ही हात लागतात. एकाने खालचा भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने खिटी दाबून वर ओढायचं. त्याने बघा, पक्कड लावलीय. व्रण आहेत.”

व्रण होते खरे. पण मी चष्मा बदलून बघितलं. पक्कडीचे व्रण सरळ रेघेत येतात. हे कमानीत होते, लहान लहान, एका बाजूला जरा खोल. नोकरीत एक शिकले होते: दिसलं ते लगेच बोलायचं नाही, नाहीतर सगळे तेच बघायला लागतात.

पेटी उचलून नेलेली नव्हती. भोकापासून कॅप्टनच्या खुर्चीकडून दारापर्यंत रबरी चटईवर ओरखडा होता. ओढत नेली होती. तिथून पुढे शेडच्या धुळीत दोन बारीक समांतर रेघा घराच्या दिशेने जाऊन अंगणातल्या फरशीवर संपत होत्या.

“हातगाडी,” मिस्त्री म्हणाले. “शेठच्या आवारात ढिगाने पडल्यात.”

मी वाकून वीत लावली. दोन रेघांतलं अंतर माझ्या वितीपेक्षा थोडंच जास्त. एवढ्या अरुंद हातगाडीवर भंगार काय, साधा गॅसचा सिलेंडरसुद्धा ठरणार नाही.

मी परत नाकाडात चढले, कारण एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटत होती. पॅनलखाली डाव्या बाजूला एक लाल मूठ होती. बाहेर ओढलेली.

“ही कशाची?”

मिस्त्री आत डोकावले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पार्किंग ब्रेक. पण ती नुसती शोभेची आहे, अजून कशालाच जोडलेली नाही. आणि काल मी जाताना ती आतच होती. मीच पुसून ठेवली.”

म्हणजे चोर आला, पेटी काढली, दिवे विझवले, आणि ज्या विमानाला चाकंच नाहीत त्याचा ब्रेक लावून गेला.

३

शेठचं आवार म्हणजे लोखंडाचा डोंगर. ते एका मोडक्या बसच्या सीटवर बसून चहात बिस्किट बुडवत होते. मला बघून उठले, पण नेहमीसारखं ‘या या ताई’ आलं नाही.

“झडती घ्यायला आलात?”

“बसायला आले. पाय दुखतात.”

त्यांनी सीटवरची धूळ रुमालाने झटकली आणि माझ्यासाठी चहा मागवला. बिस्किट पुढे केलं. स्वतःचं पूर्ण भिजून लिबलिबीत झाल्यावरच तोंडात टाकलं.

“कवळी,” ते म्हणाले. “नवी आहे, बसतच नाही. काही चावायला गेलं की ती आधी बाहेर येते. परवा मिस्त्रीच्या जोकवर हसलो तर ती थेट त्याच्या चहात. तेव्हा बरा होतो मी. आज चोर झालो.”

“शेडची किल्ली तुमच्याकडे असते?”

“माझ्याकडे, मिस्त्रीकडे, आणि तुमच्या बहिणीच्या घरात खुंटीवर. आणि हो, त्या पेटीवरून कॅप्टनशी भांडलोही होतो परवा, लपवत नाही. मी म्हटलं, जरा दांडे ढकलून दाखव की आम्हाला, रविवारपर्यंत कशाला थांबायचं? तर अंगावर धावून आला. ‘हात लावू नकोस’ म्हणाला. मला! ज्याने ती पेटी उन्हात बसून कापून काढली, त्याला!”

“कॅप्टन तसेच आहेत,” मी म्हटलं. “धाकटी सांगते ना, नोकरीतही तसंच होतं. उड्डाणाच्या वेळी कॅप्टनच्या हातामागे सहवैमानिकाने हात ठेवायचा असतो म्हणे, दांडा सटकला तर आधार म्हणून. यांनी कधी कुणाला ठेवू दिला नाही. झटकून टाकायचे.”

“ठाऊक आहे. मानी प्राणी.” शेठनी कप खाली ठेवला. “ताई, भंगारवाला म्हणजे चोर हे मी लहानपणापासून ऐकतोय. बाप भंगारवाला, आजा भंगारवाला. कातडी जाड झालीय. मिस्त्री बोलला, बोलू दे. पण कॅप्टन तिथेच बसला होता. एकाच बाकावर बसून शिकलो आम्ही. त्याने एवढं म्हणायचं होतं की, नाही, हा नेणार नाही. बस. तो गप्प बसला.”

त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी उगीच एका पोऱ्यावर खेकसून घेतलं.

“संध्याकाळी ट्रक खरंच आणणार?”

“आणणार. नाकाड जाईल आणि मीही. परत त्या घराची पायरी चढणार नाही.”

वाटेत रिक्षात मी डोळे मिटून बसले. कॉकपिट गेलं तर गेलं, लोखंडच ते. पण या वयात शाळेतला मित्र गेला तर दुसरा कुठून आणणार? आणि ज्याला एक वाक्य बोलून हे थांबवता आलं असतं, तो स्टुलावर बसून जमीन बघत होता. का?

४

धाकटी ओट्याशी उभी होती. तिच्या हातात लाटणं आणि आवाजात रडू.

“तुझाच तर हात नाही ना यात?” मी विचारलं. विचारावं लागतं.

“माझा? अगं, कमरेत उसण भरलीय, कुकर उचलत नाही मला. आणि कशाला नेऊ? ती शेड आहे म्हणून तर हे सकाळी उठतात. नाहीतर हल्ली काय चाललंय यांचं, मला कळतच नाही. इस्त्रीच्या शर्टाशिवाय दारात न जाणारा माणूस, आता रात्रंदिवस तो गळ्यातून घालायचा टीशर्ट. शर्ट टोचतो म्हणे. बूट नकोत, चपला हव्यात. परवा बँकेत सहीसाठी बोलावलं तर पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.”

“काम तरी करतात का शेडमध्ये?”

“छे! देखरेख. मिस्त्री राबतात आणि हे उभं राहून सांगतात. आधी असे नव्हते गं.”

मी बाहेरच्या खोलीत आले. दिवाणाच्या कोपऱ्यात कॅप्टनची नोकरीतली काळी चाकांची बॅग उभी होती.

“ही इथे कशी? माळ्यावर असायची ना?”

“काल काढली. आज सकाळी म्हटलं, हलवा ती, केर काढायचाय. तर केवढ्याने ओरडले! जुने कागद आहेत म्हणे.”

मी बॅगेच्या दोन चाकांमधे वीत लावली. वितीपेक्षा थोडंच जास्त.

तेवढ्यात कॅप्टन आत आले. धाकटीने चहा ठेवला. त्यांनी डाव्या हाताने कप उचलला. उजवा खिशात. मग कप ठेवला, त्याच डाव्या हाताने बिस्किट घेतलं, अर्धं चावून उरलेलं बशीत ठेवलं. मी त्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिले. दातांची लहान लहान कमान, एका बाजूला जरा खोल.

आमच्या धंद्यात म्हणायचे, माल बहुतेक वेळा मालकाच्याच घरात असतो. ते खरं ठरलं की मला कधीच आनंद झाला नाही. आजही झाला नाही.

“कॅप्टन,” मी म्हटलं, “मला जरा ते तुमचं विमान दाखवता?”

५

मी उजव्या खुर्चीत बसले, ते डाव्या. दुपारीच मी ती लाल मूठ आत ढकलून ठेवली होती आणि पॅनलचे दिवे लावले होते. थोडा वेळ मी त्यांना या घड्याळाचं नि त्या काट्याचं विचारत राहिले. बोलता बोलता ते खुलले. मग मी म्हटलं, “चला, बस झालं. उतरू या.”

कॅप्टन उठायला वळले. त्यांचा डावा हात आपसूक वर गेला, दिवे विझवले. मग खाली गेला आणि लाल मूठ ओढली.

हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“सवय हो,” मी म्हटलं. “माणूस चोरी करायला आला तरी सवय घरी ठेवून येत नाही. मिस्त्री हा ब्रेक लावणार नाहीत, त्यांना ठाऊक आहे तो कशालाच जोडलेला नाही. शेठ लावणार नाहीत, त्यांना तो कशाचा हेच माहीत नसेल. विमान सोडून उतरताना न चुकता ब्रेक लावणारा माणूस या शेडमध्ये एकच आहे.”

“ताई, मी—”

“ऐका. प्लग काढायला दोन हात लागतात. चोराने एका हाताने खिटी दाबली आणि दुसरं टोक दातात धरलं. शेठच्या दातात बिस्किट टिकत नाही. मिस्त्रींना दोन हात आहेत आणि पक्कडही. धाकटीची कंबर धरलीय, पण हात धडधाकट आहेत, तिला दात कशाला लागतील? पेटी उचलता आली नाही म्हणून ओढली, आडव्या ठेवलेल्या बॅगेत सरकवली, बॅग उभी केली आणि चाकांवर नेली. सगळं एका हाताने. तोही डाव्या. कॅप्टन, उजवा हात खिशातून काढा.”

त्यांनी काढला. बोटं अर्धवट वळलेली होती, थंडीत आखडल्यासारखी. त्यांनी मूठ मिटायचा प्रयत्न केला. ती मिटली नाही.

“कधीपासून?”

“काही महिने झाले. आधी बटणं लागेनात. मग पेन. डॉक्टरकडे गेलो नाही. जे सांगतील ते ऐकायचं नव्हतं.” त्यांचा आवाज खाली आला. “डावीकडे बसणाऱ्याचा थ्रॉटल उजव्या हातात असतो, ताई. उद्या सगळे जुने सोबती येणार. मी दांडे पुढे ढकलणार आणि ते सटकणार. सगळ्यांसमोर. म्हटलं, पेटीच नसेल तर उड्डाण नाही. नवी शोधण्यात महिने जातील.”

“आणि शेठ?”

“त्याचं नाव कुणी घेईल हे मनातही नव्हतं.”

“घेतलं तेव्हा?”

“तेव्हा बोललो असतो तर मग कुणी नेली, कशाला नेली... सगळंच आलं असतं.” त्यांनी तोंड फिरवलं. “लाज वाटली, ताई. चोरीची नाही. हाताची.”

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

“तुम्ही सांगाल का त्याला?” त्यांनी विचारलं.

“मी नाही. आधीच पाय तुटायला आलेत. आणि ते वाक्य माझं नाहीच.”

६

शेठ दोन माणसं आणि दोरखंड घेऊन अंगणात उभे होते. मिस्त्री हाताची घडी घालून दारात. धाकटी ओल्या हातानेच बाहेर आली.

कॅप्टन घरातून आले. डाव्या हाताने ती काळी बॅग ओढत. चाकं फरशीवर खडखडत होती. शेठच्या पुढ्यात त्यांनी बॅग आडवी केली, चेन उघडली. आत पेटी होती.

“मी नेली होती,” ते म्हणाले. मग उजवा हात पुढे धरला, जणू तोही बॅगेतून काढलेला माल होता. “हा चालत नाही. कुणाला कळू नये म्हणून नेली. सकाळी तुला चोर म्हटलं आणि मी गप्प बसलो. चुकलो.”

धाकटीने तोंडावर पदर धरला. मिस्त्रींची घडी सुटली. “शेठ, मी... मला वाटलं...” एवढंच त्यांच्याकडून निघालं आणि ते खाली बघू लागले.

शेठ त्या वाकड्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज फुटला.

“अरे गाढवा, हात गेला तर गेला, तोंड होतं ना तुला? ‘हा नेणार नाही’, एवढं म्हणायला कुठला हात लागतो?”

कॅप्टन उभे होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांना सुचलंही नाही. शेठनी शिव्यांची लांबलचक माळ लावली. त्यातल्या निम्म्या शाळेतल्या असाव्यात. दम लागल्यावर त्यांनी ट्रकवाल्याला हात केला.

“जा रे. आज काही न्यायचं नाही.” आणि मिस्त्रींकडे वळून, “बघत काय बसलात? बसवा ती पेटी. आणि सोमवारी याला डॉक्टरकडे मी नेणार. उचलून.”

पेटी बसेपर्यंत ऊन उतरलं होतं. कॅप्टन डाव्या खुर्चीत बसले. शेठ धापा टाकत उजव्या खुर्चीत. आम्ही बाकीचे मागे दाटीवाटीने. पडद्यावर धावपट्टी उभी राहिली. कॅप्टननी उजवा हात दांड्यांवर ठेवला, ढकलला. हात घसरला. परत ठेवला. परत घसरला.

शेठनी काही न विचारता आपला काळा, राठ हात त्यांच्या हातामागे ठेवला. मला वाटलं, आता झटकतील. कॅप्टननी झटकला नाही. दोन्ही हात मिळून दांडे पुढे गेले. इंजिनाचा आवाज शेडभर घुमला, पत्रे थरथरले.

विमान जागचं हललं नाही.

“साहेब,” मिस्त्री मागून ओशाळून म्हणाले, “ब्रेक. दुपारी रिकामं बसवेना, म्हणून जोडून टाकला.”

शेठ असे हसले की कवळी अर्धी बाहेर आली. त्यांनी ती डाव्या हाताने काढून घ्यायचं मनात आणलं, तर डावा हात दांड्यांवर गुंतलेला. मग उजव्याने काढली, खिशात टाकली, आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, “उद्या तुझे सगळे वैमानिक आले तरी ही खुर्ची माझी. कळलं? मी इथून हलणार नाही.”

कॅप्टननी डाव्या हाताने लाल मूठ आत ढकलली. धावपट्टी हळूहळू मागे सरकू लागली.

“हात काढू नकोस,” ते शेठना म्हणाले.